मिशीआडचा डाग

महाल भागातल्या गणपतरावांच्या घरी रोज सकाळी एकच भांडण. नळ जायच्या आत सगळ्यांच्या आंघोळी व्हायला पाहिजेत, आणि मोरीजवळचा आरसा मधुसूदननं अडवून ठेवलेला! मान वर, ओठ दातांवर ताणलेला, हातात बारीक कात्री. आरशात नाक खुपसून हा पठ्ठ्या मिशी कातरून राहिलेला.

"दादा, मिशी कातरून राहिला का धान कापून राहिला?" धाकटी प्रेमिला बादली आपटत ओरडायची. "मले कॉलेजात जायचं आहे!"

मधुसूदनची कात्री चालूच. आणि गंमत अशी, की एरवी प्रत्येक गोष्टीत पोरांवर खेकसणारे गणपतराव या बाबतीत मुलाचीच बाजू घ्यायचे. "करू दे त्याले नीट. तू थांब!"

नीट म्हणजे काय, ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मधुसूदनच्या वरच्या ओठाच्या कडेला, मिशीच्या केसांखाली, एक पांढरा डाग होता. आधी ज्वारीच्या दाण्याएवढा, मग वालाच्या दाण्याएवढा. कोड! पण हा शब्द त्या घरात कोणी तोंडातून काढत नसे. 'ते' म्हणायचे. "'ते' वाढलं का रे?" "'ते' दिसत तर नाही ना?" कचेरीत हेडक्लार्क म्हणून अख्खा जन्म स्पष्ट बोलण्यात घालवलेले गणपतराव घरात मात्र 'ते' म्हणायचे.

आणि न बोलता काय काय होतं, ते ऐका. मधुसूदनचा पितळी पेला वेगळा झाला होता. वेगळा कर, असं कोणी म्हटलं नव्हतं. पण त्याची आई तो पेला घासायची तो शेवटी, आणि ठेवायची तो दूरच्या कोनाड्यात. मधुसूदन टायपिस्ट होता त्या ऑफिसातही कुणकुण लागली होती; चपराशी त्याला चहा द्यायचा तो कान तुटलेल्या कपातच. परक्यांचं सोडा, सख्खी आईसुद्धा! माणसाचं असं मुकाट्यानं वेगळं होणं पाहिलं, की डोकं फिरतं.

त्या घरात मधुसूदनच्या पेल्यातून पाणी पिणारी एकच बाई होती. यमुताई. गणपतरावांच्या थोरल्या भावाची, मार्तंडरावांची बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं. मधुसूदन त्यांना मोठी आई म्हणायचा, आणि लहानपणापासून अर्धा त्यांच्याच पानात जेवायचा.

अशात उमरेडहून स्थळ आलं. आनंदरावांची मुलगी गोपिका, तिथल्याच शाळेत मास्तरीण. मधुसूदन भरघोस मिशी घेऊन पाहायला गेला, चहा पिताना रुमालानं वारंवार ओठ टिपत बसला. मुलीला मुलगा पसंत पडला. सुपारी फुटली, उन्हाळ्यातली तारीख ठरली.

यमुताई त्याच दिवशी म्हणाल्या, "भाऊजी, सांगून टाका उमरेडवाल्यांले. आताच सांगा."

"सांगू? मंग पोरगी कोण देईन, वहिनी?"

"आन् लग्न झाल्यावर तिले दिसलं तर?"

"लग्न झाल्यावर कोण विचारते!"

बघा म्हणजे! स्वतःच्या मुलीसाठी स्थळ पाहताना जावयाच्या सात पिढ्या उकरून काढणारे आपण, मुलाच्या वेळी असे बोलतो. आणि आपल्याला त्याची लाजही वाटत नाही.

पण डाग काही गणपतरावांचं ऐकून थांबणारा नव्हता. तो मिशीखालून सरकला आणि ओठाच्या लाल भागावर उतरला. आता मिशी कितीही लोंबवली तरी बोलताना दिसायचा. गणपतराव कासावीस झाले. आणि त्यांनी अशी एक युक्ती काढली की विचारू नका! बर्डीच्या बाजारात फुटपाथवर एक गोंदणारा बसायचा, बॅटरीवर चालणारं मशीन घेऊन. दंडावर विंचू, मनगटावर ओम, पोरांच्या हातांवर नावं. गणपतराव मधुसूदनला त्याच्यापुढे घेऊन गेले. म्हणाले, डागावर ओठाचा रंग गोंद.

"होठ पे मैं नहीं करता, साहब," तो म्हणाला. "नाजूक चमडी है."

गणपतरावांनी गळ घातली, हातापाया पडले. मुलाचं लग्न अडलं आहे म्हणाले. शेवटी तो तयार झाला. मधुसूदनची मिशी उतरवली, लालात काळा मिसळून रंग केला आणि मशीन लावलं. मधुसूदननं सतरंजीची कड मुठीत धरून ते सोसलं. रक्त पुसून पाहिलं तर ओठाला कोवळ्या वांग्याचा रंग आलेला. गणपतराव तरी खूश!

गोंदणाऱ्यानं त्यांना निघताना बजावलं होतं. खपली धरेल, ती आपोआप पडू द्या. वस्तरा नको, कात्री नको, केस उपटणं तर मुळीच नको. एवढं साधं! पण आमच्या मधुसूदनची सवय जाते कुठं? खपलीतून मिशीचे खुंट वर येऊ लागले, खाजू लागले. झालं! हा पुन्हा आरशासमोर. एक केस खपलीत अडकला, ओढला. दुसरा वाकडा दिसला, चिमट्यानं उपटला. ओठ सुजला, पू धरला. ऑफिसात तोंडाला रुमाल लावून 'दाढ दुखून राहिली' म्हणायचा.

"हात नको लावू रे बाबा," यमुताई कळवळून म्हणायच्या. "त्याले त्याच्या मनानं बरं होऊ दे."

"मोठी आई, लग्न जवळ आलं. रंग बसला का नाही, तेवढंच पाहून राहिलो."

"रोज उकरून पाहशील तर काय बसणार आहे, माह्या राजा?"

त्या हळद आणि साजूक तूप कालवून द्यायच्या. तो लावायचा, आणि पुन्हा चिमटा उचलायचा.

अशातच मार्तंडराव गेले. जेवून पानाचा डबा जवळ ओढला, आणि बसल्या जागी कलंडले. घरावर आकाश कोसळलं. मधुसूदन तर लहान पोरासारखा रडला. मारबतीची मिरवणूक पाहायला त्याला खांद्यावर बसवून नेणारा माणूस तो!

सुतकात दाढी करत नाहीत. त्यामुळे मधुसूदनची कात्री, चिमटा, आरसा, सगळं बंद झालं. ओठाला पहिल्यांदाच विसावा मिळाला. पू आटला, जाड खपली धरली, तिच्यातून मिशीचे खुंट वाढले. आणखी थोडे दिवस कोणी हात लावला नसता, तर सगळं निस्तरलं असतं. पण दहावा आला.

दहावा कन्हान नदीच्या काठावर होता. भाऊबंद, सोयरे, गल्लीतले लोक, सगळे जमले. उमरेडहून आनंदरावही आले, व्याही म्हणून येणं भागच होतं. एकीकडे पिंडाची तयारी, दुसरीकडे धोंडबा न्हाव्यापुढे भावकीतले पुरुष एकेक करून बसत होते. डोकं, दाढी, मिशी. मोठं माणूस गेलं की मिशी उतरवायची, हा घराण्याचा नियम. आणि या नियमाचे सगळ्यात कडक राखणदार कोण? गणपतराव! मागे भावकीतल्या मुकुंदनं आजाच्या दहाव्याला मिशी राखली, तर याच गणपतरावांनी भर घाटावर त्याला विचारलं होतं, "मिशी प्यारी का आजा प्यारा?" वर्षभर त्याच्या घरचं पाणी घेतलं नाही.

मधुसूदनचं डोकं भादरून झालं. धोंडबानं गालावरून वस्तरा फिरवला, हनुवटी केली, आणि ओठापाशी थांबला.

"मालक, हे खपली हाय. खालून ओलं असन. चार रोजानं मी घरी येऊन काढून देतो."

गणपतरावांनी आजूबाजूला पाहिलं. मुकुंद स्वतःचं गुळगुळीत तोंड चोळत उभाच होता. त्यानं संधी सोडली नाही.

"काहून गा काका? आज नियम बदलला का? का मोठ्या बाबांपेक्षा मिशी प्यारी झाली?"

चार जण हसले. गणपतरावांच्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या.

"धोंडबा, चालव वस्तरा!"

"पण मालक..."

"दहावा आज आहे! चार रोजानं नाही!"

"बाबा, नका ना," मधुसूदन हळूच म्हणाला. नोकरी करणारा, लग्नाला आलेला गडी! पण त्याचा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला होता. "लई दुखते. जरा बरं होऊन राहिलं होतं."

"दोन मिनिटाचं काम आहे. लोक पाहून राहिले, चूप बैस!"

धोंडबानं देवाचं नाव घेतलं आणि वस्तरा लावला. केस खपलीतच गुंतलेले. केसांबरोबर खपली निघाली, खपलीबरोबर तो सगळा वांगी रंग निघाला, आणि भळभळ रक्त आलं! धोंडबा घाबरला, सवयीनं त्यानं तुरटी दाबली. मधुसूदननं अशी किंकाळी फोडली की पिंड करणाऱ्या गुरुजींचा मंत्र थांबला.

यमुताई जरा पलीकडे बायकांत बसल्या होत्या. आत्ताच त्यांच्या बांगड्या फोडल्या होत्या. एक काच मनगटात घुसली होती आणि बायकांनी तिथं हळद दाबून धरली होती. ती किंकाळी ऐकली आणि त्या उठल्या. नवऱ्याच्या दहाव्याला विधवा बाई उठून पुरुषांत येते? बायका "अवं यमुताई, अवं!" करत राहिल्या. त्या थेट आल्या, धोंडबाच्या हातातली तुरटी घेतली आणि फेकून दिली.

"बस झालं! ह्या पोराच्या तोंडाले आता कोणी हात लावायचा नाही."

"वहिनी, विधी चालू आहे. तुम्ही तिकडे..."

"विधी कोणाचा आहे, भाऊजी? माह्या माणसाचा! मंग मले विचारा ना. माह्या हाताले एवढीशी काच लागली तर चार बाया हळद घेऊन धावल्या. आन् ह्या लेकराचं तोंड फाटलं, तर तुम्ही सगळे उभे राहून नियम पाहून राहिले? ह्याले खांद्यावर वागवलं त्यांनी. ह्याचं रक्त सांडून त्यांले शांती भेटन का? बोला ना! मले तर नाही पटत."

मुकुंदनं नजर खाली घातली.

"पण लोक काय म्हणतील, वहिनी?" गणपतराव पुटपुटले.

"लोक!" यमुताईंचा आवाज चढला. "लोकांच्या भेवानं तुम्ही ह्याले मिशी ठेवाले लावली. लोकांच्या भेवानं गोंदवलं. आन् आता लोकांच्याच भेवानं भादरून राहिले! लोकांचं काय गेलं, भाऊजी? ओठ तर ह्याचा गेला!"

तेवढ्यात आनंदराव पुढे आले. रक्त पुसलेल्या ओठावर पांढरं दिसत होतं. आधीपेक्षा जास्त.

"व्याही, हे काय आहे?"

"काही नाही, काही नाही," गणपतराव घाईनं म्हणाले. "सायकलवरून पडला होता, त्याचा..."

"पडलो नाही मी." मधुसूदन उठून उभा राहिला. त्यानं तोंडावरचा रुमाल काढला आणि मुठीत धरला. "कोड आहे मले. लई दिवसांपासून आहे. तुमच्या घरी आलो तेव्हाही होतं. मिशीखाली झाकलं होतं."

त्या घराण्यात तो शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला, आणि तोही भर घाटावर! गणपतरावांना वाटलं, आता नदीत उडी घ्यावी. आनंदरावांनी चपला घातल्या आणि कोणाचा निरोप न घेता उमरेडची वाट धरली.

"गेलं!" गणपतराव मटकन खाली बसले. "स्थळ गेलं."

"स्थळाचं मंग पाहू. पोरगा पहा पहिले," यमुताई म्हणाल्या. त्यांनी तिथल्या तिथं रिक्षा थांबवली आणि नुसत्या मनगटांनी, ओल्या लुगड्यानं मधुसूदनला दवाखान्यात घेऊन गेल्या. तेरवी व्हायच्या आत विधवा गाव फिरते, म्हणून मागे कुजबुज झाली. होऊ दे! गणपतराव मागून सायकल मारत आले आणि डॉक्टरांच्या दारापाशी अपराध्यासारखे उभे राहिले.

डॉक्टर म्हातारे होते आणि तापट होते. ओठ पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

"ओठ आहे की दुकानाची पाटी? रंगवायला कोणी सांगितलं होतं?"

मधुसूदननं बापाकडे पाहिलं.

"ऐका. कोडाच्या माणसाला जखम झाली की कित्येकदा त्या जखमेवरच नवा डाग उमटतो. म्हणजे गोंदवलंत, उपटलंत, वर वस्तरा फिरवलात, हे सगळं करून तुम्ही डाग झाकला नाही, वाढवलात! आता हे पूर्ण भरेपर्यंत वस्तरा, कात्री, चिमटा, तुरटी, काही नाही. केस वाढले तर वाढू दे. आरशात पाहायचंसुद्धा नाही!"

"डॉक्टरसाहेब," यमुताईंनी मुद्दाम दाराकडे पाहत विचारलं, "हे एकाचं दुसऱ्याले लागते का?"

"कोणी सांगितलं? ताटातून नाही, पेल्यातून नाही, अंगाला अंग लागून नाही. कशानंच लागत नाही. ना हे पाप आहे, ना कोणाचा शाप. कातडीचा रंग गेला, एवढंच!"

कातडीचा रंग गेला, एवढंच! आणि या एवढ्यासाठी आपण पोटच्या पोराचा पेला दूरच्या कोनाड्यात ठेवला! गणपतरावांच्या डोळ्यांपुढे तो कोनाडा आला. त्यांनी दाराची चौकट धरली. साठी उलटलेला तो माणूस दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांदेखत रडला.

तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी गणपतराव एकटेच एस.टी.नं उमरेडला गेले. आनंदरावांनी पाणी विचारलं नाही, बसा म्हटलं नाही. गणपतराव उभ्याउभ्याच बोलले.

"माह्या मुलाले कोड आहे. त्याची चूक नाही. लपवलं मी, ती चूक माही आहे. लग्न मोडायचं असेल तर मोडा, मले बोलायले तोंड नाही. पण दोष माह्या नावावर ठेवा, त्याच्या नाही."

आतून गोपिका आली. शाळेतून नुकतीच आलेली, बोटांना खडूची पूड लागलेली.

"मामाजी, माह्या वर्गात पोरगं खोटं बोललं तर मी त्याले बाकावर उभं करते. तुम्हांले कुठं उभं करू?"

गणपतरावांनी मान खाली घातली.

"मले डागाचा राग नाही आला," ती म्हणाली. "सुपारी फुटल्यावर मले घाटावरच्या बातमीतून समजलं, त्याचा आला. तोच डाग माह्या ओठावर असता, आन् आम्ही लपवला असता, तर तुम्ही काय केलं असतं? बारात परत नेली असती!"

खरंच होतं.

"त्यांले सांगा, ओठ बरा झाला की इथं या. मिशी ठेवायची नाही. दिवसा या, बसस्टँडपासून रस्त्यानं चालत या, तोंडाले रुमाल न लावता. मंग मी काय ते सांगीन."

ओठ बरा व्हायला वेळ लागला, पण झाला. कारण या वेळी खरोखरच कोणी हात लावला नाही. प्रेमिलानं आरसाच उचलून आपल्या पेटीत ठेवून दिला होता. नवी कातडी आली, ती पांढरी आली. डाग आता चवलीच्या नाण्याएवढा होता आणि लपवायला काही नव्हतं.

मधुसूदन उमरेडला गेला. भर बाजाराच्या दिवशी, गुळगुळीत तोंडानं, बसस्टँडपासून चालत. लोकांनी वळून वळून पाहिलं. विणकरांच्या ओटीवरून कोणी बोटही दाखवलं. एकदा त्याचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला, पण त्यानं तो परत खाली सोडला. गोपिका दारातच उभी होती. तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, "आता पहिल्यांदा दिसले तुम्ही मले."

लग्न ठरल्या तारखेलाच झालं; वर्ष पाळून थांबायला यमुताईंनीच नकार दिला. गणपतराव आमंत्रणं द्यायला गेले तिथं तिथं स्वतःच सांगत सुटले. "पोराले कोड आहे बरं का. लागत नाही कोणाले. यायचं!" ऐकणारेच ओशाळायचे.

जेवणाच्या पंगतीत नवरा-नवरीच्या घासाची वेळ आली. नावं घेऊन झाली. गोपिकेनं जिलबी मधुसूदनच्या तोंडाशी धरली, त्यानं अर्धी खाल्ली. उरलेली अर्धी तिच्या हातात राहिली. मांडवातल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. तिची एक म्हातारी आत्या मागून कुजबुजली, "ठेवून दे वं पोरी, खाली ठेवून दे."

गोपिकेनं आत्याकडे पाहिलं. मग ती उष्टी अर्धी जिलबी तोंडात टाकली आणि सगळ्यांदेखत सावकाश चावून खाल्ली. मांडवाच्या मागच्या रांगेत यमुताई बसल्या होत्या. गणपतराव उठले, त्यांना हाताला धरून पुढे घेऊन आले आणि नवरा-नवरीच्या शेजारच्या पाटावर बसवलं. मधुसूदनची आई पदरात तोंड खुपसून रडत होती. त्या रात्रीपासून पितळी पेल्याचा कोनाडा रिकामा झाला.

वाचकहो, कोड हा कातडीचा प्रकार आहे. तो कोणाला लागत नाही, कोणाचं लग्न मोडत नाही, कोणाचा संसार बुडवत नाही. हे सगळं करते ती आपली लपवाछपवी, आणि लोक काय म्हणतील ही भीती. जखमेला जसं सारखं उकरायचं नसतं, तसंच अशा माणसालाही डोळ्यांनी सारखं उकरू नये. आणि रीत माणसासाठी असते. माणसाचं रक्त काढून जी पाळावी लागते, ती रीत सोडून दिली तर कोणत्याही पितराला वाईट वाटणार नाही.

तुमच्या घरातही कोणाचा पेला असा वेगळा ठेवलेला असेल. कोणी ठेवला म्हणून विचारत बसू नका. उठा, तो उचला आणि बाकीच्या पेल्यांत नेऊन ठेवा.